पाणकावळ्याच्या पायातली अक्षरं

लंडनच्या वॉल्थमस्टो जलाशयांवर पाणकावळे शोधावे लागत नाहीत. तिथल्या बेटांवर त्यांची वसाहतच आहे, फांद्या विष्ठेने चुना फासल्यासारख्या पांढऱ्या. पण अभ्यासकांनी ओळखीसाठी पायात घातलेली रिंग वाचायची म्हटलं की पक्ष्याची मर्जी सांभाळत टेलिस्कोपला डोळा लावून बसा. पोहताना पाय पाण्यात. खांबावर पंख पसरून उभा राहिला तर आखूड पायांवर पोटाची पिसं. आणि सगळं जुळून आलंच, तर नेमकी रिंगच घाणीने माखलेली!

एकदा एकाने मान खाजवायला पाय उचलला आणि अक्षरं लख्ख दिसली. रिंग घालणाऱ्यांना कळवल्यावर उत्तर आलं: हा एसेक्समधल्या ॲबर्टन जलाशयाचा, पिल्लू असतानाच घरट्यात रिंग घातलेला. सरळ रेषेत जेमतेम 70 किलोमीटर. ब्रिटनमधले पाणकावळे पूर्वी मुख्यतः समुद्रकाठच्या कड्यांवर घरटी करायचे; ॲबर्टनला 1981 मध्ये ते झाडांवर घरटी करू लागले.

धातूच्या रिंगवरचा नंबर इतका बारीक, की तो बहुधा मेलेल्या पक्ष्याच्या पायातच वाचला जातो. म्हणजे जन्मला कुठे आणि मेला कुठे, एवढंच कळणार. मधलं सगळं आयुष्य कोरं. ते भरून निघतं मोठ्या अक्षरांच्या रंगीत रिंगमुळे, तेही कोणीतरी लांबून वाचली आणि कळवली तरच. म्हणून मला ‘तोच पक्षी, तोच खांब’ ही नोंद फार मोलाची वाटते. परदेशी रिंग दिसली की सगळे नाचतात (मीही नाचेन), ओळखीची रिंग पुन्हा दिसली की मात्र कळवायचा कंटाळा. मग तो हिवाळाभर इथेच होता हे कळणार कसं?

अशा नोंदींचा, प्रत्येक नोंदीला एक ठिपका असलेला नकाशा बघतानाही जरा जपून. वॉल्थमस्टोला आधी परवाना लागायचा, 2017 पासून प्रवेश सगळ्यांना फुकट. बघणारे वाढले की ठिपके वाढणारच. त्यावरून पक्षी वाढले असं थोडंच म्हणता येतं? जिथे कोणी फिरकतच नाही, तिथला पाणकावळा नकाशावर नसतोच.

युरोपात कुठे राहत असाल आणि रिंग दिसली, तर रंग, डावा पाय की उजवा, अक्षरं वरून खाली की खालून वर, एवढं टिपा. एखादं अक्षर नीट दिसलं नाही तर तिथे प्रश्नचिन्ह टाका, अंदाज नको. उत्तराची घाई करू नका. रिंग घालणारे बहुतेक जण हे काम नोकरीधंदा सांभाळून करतात.