खुडुक

बुधवार, रात्री

परवा कोल्हापुरात माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न आहे आणि मी जाणार नाहीये. आज ताईला फोन करून सांगितलं. पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "शेळीसाठी?" एवढंच. पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी केटररबद्दल बोललो.

शेळीसाठीच. चांदणी गाभण आहे, पहिलीच खेप. शेळी पाच महिन्यांची गाभण राहते, हिशेबाला १५० दिवस धरायचे, चार-पाच दिवस इकडे किंवा तिकडे. फळल्याची तारीख आमच्याकडे पक्की आहे, कारण त्या दिवशी माउलींची पालखी सासवडला मुक्कामी होती. दिवे घाट बंद, त्यामुळे नवरा हडपसरला ऑफिसला जाऊ शकला नाही आणि घरीच होता. अण्णांचा बोकड दावं तोडून आमच्याकडे आला तो त्याच दुपारी. नवऱ्याने तिथल्या तिथे कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवलं आणि पानं उलटत १५० वा दिवस मोजून त्याला गोल केला. लग्नाची तारीख तेव्हा ठरली नव्हती. तुळशीचं लग्न झाल्यावर पत्रिका आली, मी कॅलेंडर उलटलं, तर मुहूर्त बरोबर त्या गोलात.

एरवी एक रात्र अण्णा बघतात. पण त्यांच्या कांद्याची लागण याच आठवड्यात आली आहे. बायका मिळाल्यात त्या दोनच दिवस, ते पहाटेपासून रात्रीपर्यंत वाफ्यात. आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे असे की गव्हाण भरायला वाकल्या की उठवायला माणूस लागतं. आणि रात्री गोठा बंद केल्याशिवाय चालत नाही. बिबट्या म्हणजे जुन्नरच्या उसातली गोष्ट, असं आम्ही पुण्यात राहत असताना म्हणायचो. आता आमच्या बाजूलाही दिवेलागणीला शेरडं-कोंबड्या मोजून आत घेतात, दाराला कडी आणि कडीला तार.

२०२१ च्या दिवाळीनंतर धनकवडीचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही सासऱ्यांच्या २८ गुंठ्यांवर राहायला आलो. सहा शेळ्या, अकरा कोंबड्या, एक कुत्रा, आणि कुणी बोलावली नव्हती अशी एक मांजर. हौस म्हणून. त्यानंतर आम्ही पाचही जण मिळून एका रात्रीसाठी कुठे गेलेलो नाही. परवा मोबाईलमधले फोटो खाली खाली सरकवत हे माझ्या लक्षात आलं. महाबळेश्वरला नवरा नाही, आत्याच्या पंचाहत्तरीला मी नाही. दिराच्या वास्तुशांतीला थोरली नाही, कारण तिची बारावी होती म्हणे. बारावी होतीच, पण गुंडी शेळीला पोटफुगीही झाली होती. प्रत्येक फोटोत एक जण कमी, आणि कोण कमी ते पाहून मला सांगता येतं की तेव्हा घरी काय चाललं होतं.

हे कुणी आधी सांगत नाही. शेळ्या घ्यायला गेलो तेव्हा सगळ्यांनी दात कसे बघायचे, कास कशी बघायची, उस्मानाबादी घ्या, जुळी देते, असं भरभरून सांगितलं. "आता तुमचा रविवार गेला" असं एकानेही सांगितलं नाही.

झोपायच्या आधी धाकट्याने अंडी तपासायचा हट्ट धरला. आमची मास्तरीण कोंबडी खुडुक बसली आहे, म्हणजे अंडी उबवायला, आज दहावा दिवस. खुराड्यात अंधार करून एकेक अंडं तिच्या पोटाखालून काढायचं आणि मोबाईलच्या टॉर्चवर धरायचं. तिने पिसं फुलवून दोनदा मला टोचलं, मनगटाला अजून लाल आहे. पहिली तीन अंडी नुसतीच पिवळी, आत काही नाही. चौथं धरलं आणि धाकटा गप्प झाला. आतून लाल बारीक शिरांचं जाळं, कोळ्याने विणावं तसं, आणि मध्ये एक गडद ठिपका. तो ठिपका हलला. "आई, त्याने मला बघितलं," तो म्हणाला. बघितलं नसणार, पण मी काही बोलले नाही. अकरातली आठ चांगली आहेत.

मास्तरीण दिवसातून एकदा उठते. पाणी पिते, चार दाणे टिपते, एकदा धुळीत लोळते आणि दहा-पंधरा मिनिटांत परत. बाकी वेळ समोर तांदूळ टाका, साप येवो, ढोल वाजो, ती उठत नाही.

नवरा बॅग भरत होता. म्हणाला, "घरात दोघी खुडुक झाल्यात." मी त्याच्या अंगावर टॉवेल फेकला. पण शब्द बरोबर होता, म्हणून जास्त लागला.

गुरुवार

सकाळी सातला ते तिघे निघाले. नारायणपूरवरून कापूरहोळला हायवेला लागतील. थोरलीने माझी पैठणी मागितली, ती दिली. गाडी वळेपर्यंत धाकटा मागच्या काचेतून ओरडत होता, "तिला सांग, मी येईपर्यंत थांब!"

दिवस नेहमीचा. दोघींच्या धारा, लेंड्या भरून खड्ड्यात टाकल्या, शेवरी तोडून आणली. चांदणीला मूठभर भरड जास्त घातली. सीताफळाच्या रांगेतून शेळ्या फिरवल्या. ही जागा शेळ्यांसाठी देवानेच नेमली असावी, कारण पुरंदरात सीताफळ उदंड आणि जगातलं सगळं चघळणारी शेळी सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाही. माझी प्लास्टिकची चप्पल चालते, नवऱ्याच्या ऑफिसच्या आयकार्डाची दोरी चालते, सीताफळ नाही.

दुपारी चांदणीची कास बघितली. भरली आहे, पण तट्ट नाही. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना हात लावून बघायचं असतं. विण्याआधी तिथल्या दोऱ्या ढिल्या पडतात, बोटं आत जातात. अजून घट्ट होत्या.

आईंनी खुर्ची गोठ्याच्या दाराशी आणून मांडली आणि चष्मा पुसत बसल्या. जनावरांच्या भानगडीत मी पडणार नाही, असं त्या पहिल्या दिवसापासून सांगत आल्या आहेत. गाय घ्यायची म्हटल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, "घ्या. मी धनकवडीला जाते, भाडेकरूला सांगा खोली रिकामी करायला." तो विषय तिथेच संपला.

संध्याकाळी सातला थोरलीने फोटो पाठवला. पैठणी तिला माझ्यापेक्षा चांगली दिसते. हळदीत सगळे पिवळे. ताईच्या मागे एक रिकामी खुर्ची आहे. ती माझ्यासाठी नाही, कुणीतरी नुसतं उठून गेलं असणार. तरी मी फोटो मोठा करून तीच बघत बसले.

शुक्रवार

मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. पहाटे साडेचारला एकदा, सहाला एकदा, आठला एकदा गोठ्यात जाऊन आले. सगळी तयारी मांडून ठेवली होती: धुतलेली गोणपाटं, नाळ बांधायला दोरा, नवं ब्लेड, टिंक्चर आयोडीन, गूळ, बाजरी. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर खडूने.

चांदणी रवंथ करत बसली होती. पाय आपटत नव्हती, जमीन उकरत नव्हती, चिकट तार नव्हती. माझ्याकडे बघून तिने एक जांभई दिली. तिच्याकडे बघितल्यावर कुणाला वाटलं असतं की लग्न तिच्याच घरचं आहे आणि सगळी कामं आदल्या दिवशीच उरकली आहेत.

साडेबाराला व्हिडिओ कॉल लावला. नेटवर्क यावं म्हणून मी खताच्या ढिगावर चढले होते. मंगलाष्टकं तुकड्या-तुकड्यांनी ऐकू आली. अंतरपाट दिसला, मग कुणाची तरी पाठ, मग मांडवाचं छत. मी घरातून मूठभर अक्षता आणल्या होत्या. शेवटचं "सावधान" ऐकू आल्यावर त्या कुणावर टाकायच्या ते कळेना. टाकल्या. कोंबड्या धावत आल्या.

तिथेच उभी राहून थोडी रडले. थोडीच, आणि बरीचशी शेळीच्या रागाने.

आईंनी खुर्चीतूनच बघितलं असावं. चहा केला तेव्हा त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. हे मी वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं माहेर फलटणजवळ. लग्न १९६९ चं, इथेच, सासरी लागलं. त्यांच्या आईकडे तीन म्हशी होत्या, आणि त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. सकाळी शेजारीण बसली तर म्हशीने लाथ मारून चरवी उलटी केली होती, तसा निरोप वऱ्हाडाच्या मागून आलेल्या कुणीतरी आणला. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि त्यांची आई हात धुऊन तीनच्या एसटीने परत गेली. संध्याकाळच्या धारेला.

"पाठवणीला आई नव्हती माझी," आई म्हणाल्या. "सासर याच गावात, पाठवायचं कुठे होतं म्हणा. पण रडायला कुणीतरी लागतं की नाही?"

मी विचारलं, राग आला होता का आईचा.

"आईचा कशाला? म्हशीचा आला." बशीतला चहा संपवून त्यांनी पुढे सांगितलं, "अजून आहे."

आमच्या घरात गाय का नाही ते मला आज कळलं. आणि हेही कळलं की त्या माऊलीला दूध डेअरीला घालून पाच पोरांचं बघायचं होतं. मला काय बघायचं होतं? आमच्या दोन शेळ्यांचं दूध आम्हीच पितो. थोरलीने गेल्या वर्षी वहीत हिशेब मांडला होता, तर खाद्य, औषधं आणि मुंगसाने नेलेल्या चार तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, धरून आमचं एक अंडं ३८ रुपयांना पडत होतं. वही नवऱ्याने कुठेतरी ठेवली, ती सापडत नाही.

आजी म्हशीला बांधलेली होती. मी माझ्या हाताने दावं विकत आणून स्वतःच्या गळ्यात घातलंय. आईंना हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "दावं ते दावं. जा, शेळ्यांना पाणी दाखव."

रात्री अकराला परत बोटं लावून बघितलं. घट्ट.

शनिवार

काही नाही. दुपारी तिघे परत आले. येताना बुंदीच्या लाडवांचा डबा, ताईने माझ्यासाठी पाठवलेली साडी, आणि धाकट्याच्या खिशातून चुरगळलेली पत्रिका. साडीच्या घडीत चिठ्ठी होती. ती इथे लिहीत नाही. ताई अजून रागावलेली आहे, पण रंग माझ्या आवडीचाच घेतलाय.

नवऱ्याने गोठ्यात डोकावून विचारलं, "मग?"

"मग काय, रवंथ."

तो हसला नाही, हे त्याचं नशीब.

त्या तिघांनी मला जेवून झोपायला पाठवलं. नवऱ्याने दोनचा गजर लावला, थोरलीने चारचा.

रविवार

दोनला नवरा उठून बघून आला: काही नाही. चारचा गजर वाजला, थोरलीने तो बंद केला आणि कुशीवर वळली. सहाला मी धारेला गेले, तर चांदणी उभी, तोंड खाली, आणि घशातून एक बारीक, ओला आवाज काढत होती. असा आवाज तिने आजवर काढला नव्हता. तिच्या पायांशी दोन करडं. एक काळंभोर, एकाचे कान पांढरे. दोन्ही चाटून कोरडी केलेली. काळं उभं राहून कासेला ढुशा देत होतं, पांढऱ्या कानाचं अजून पुढच्या गुडघ्यांवर होतं, उठायचं आणि आश्चर्य वाटल्यासारखं बसायचं.

दोरा, ब्लेड, गोणपाटं, सगळं कोपऱ्यात जसंच्या तसं. नाळा तिथल्या तिथे तुटल्या होत्या, मी फक्त त्यांना टिंक्चर लावलं. पांढऱ्या कानाच्याला उचलून सडाशी नेलं आणि बोटाने तोंड उघडून दिलं. पहिला चीक पिवळा, दाट, बोटाला चिकटतो. त्याने दोन घोट घेतले आणि शेपूट हलायला लागली. एवढंच माझं काम. वार आठच्या सुमारास पडली. गूळ घालून बाजरीची पेज दिली, ती चांदणीने एका दमात संपवली.

धाकटा आला, दारातच थबकला. "थांबली की नाही!" म्हणाला. त्याला आता कुणीच पटवू शकणार नाही.

दहा वाजता भाचीचा फोन. नव्या नवरीचा आवाज, रात्रभर न झोपलेला. म्हणाली, "मावशी, पुढच्या रविवारी आम्ही जेजुरीला येतोय, देवाला. तिथून तुझ्याकडे जेवायला. तू कुठे जायचं नाहीस ना?"

मी कुठे जाणार?

फोन ठेवून कॅलेंडर बघितलं. पुढचा रविवार म्हणजे मास्तरणीचा एकविसावा दिवस. नवऱ्याने पेन्सिल आणून तिथे अजून एक गोल केला. आईंनी खुर्चीतून फर्मान काढलं: येऊ दे त्यांना, पुरणपोळी मी सांगेन तशी करायची, पण भंडारा उधळलेल्या कपड्यांनी खुराड्याजवळ कुणी फिरकायचं नाही. "अंडी फुटत असताना तिला दचकवलं तर उठेल ती."

"नाही उठणार," मी म्हणाले.

आईंनी माझ्याकडे बघितलं आणि पेजेचं रिकामं घमेलं पुढे केलं, धुवायला.