पेटंट हातात आलं, खरी झुंज त्यानंतर

निफाड तालुक्यात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पीक निघालं की ठिबकच्या नळ्या गुंडाळायला चार माणसं लागतात, म्हणून पॉवर टिलरला जोडायचं गुंडाळणी यंत्र केलं. नळी धसकटात अडकली की ताणून बारीक होते, म्हणून जुन्या स्कूटरच्या क्लचप्लेटी बसवल्या. ओढ वाढली की क्लच घसरतो, रीळ थांबतं आणि त्याच स्प्रिंगच्या जोरावर नळी डावी-उजवीकडे सरकवणारा हातही जागच्या जागी थांबतो.

कृषी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं ठरत होतं. पेटंटचे अर्ज करून देणारे एजंट म्हणाले, "आधी पेटंटचा अर्ज, मग प्रदर्शन." चारचौघांत यंत्र मांडलं की नावीन्य संपतं, आणि नावीन्याशिवाय पेटंट नाही. सवलत आहे, पण केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच. मग ऑनलाइन प्रोव्हिजनल अर्ज टाकला. एकट्या माणसाला त्याची सरकारी फी १,६०० रुपये. १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा, पुढे तपासणीच्या विनंतीचे ४,०००. एवढं परवडतं. एजंटची फी मात्र याच्या कैक पट, आणि ती वाचवायला जाऊ नये असं माझं मत.

कारण सगळा खेळ क्लेममध्ये, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगतोय त्या वाक्यांत असतो. मी लिहिलं होतं, "स्कूटरच्या क्लचप्लेटी". एजंटनी ते खोडून "ठरावीक ओढीनंतर घसरणारा क्लच" केलं. नाहीतर उद्या कुणी मोटरसायकलच्या प्लेटी घालून मोकळा झाला असता.

तपासणी अहवालात हरकत आली ती कलम ३(एफ)ची: ओळखीचे भाग नुसते शेजारी-शेजारी मांडले, प्रत्येक आपापलं काम करतोय, याला शोध म्हणत नाहीत. उत्तराला सहा महिने असतात. मी यंत्र शेतात नेलं, मुद्दाम खुंट ठोकून नळी अडकवली आणि स्प्रिंग दबताना क्लच आणि हात दोन्ही कसे एकदमच थांबतात त्याचे फोटो, मापं काढली. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली. अधिकाऱ्यांनी नेमकं विचारलं, "क्लच काढला तर हात थांबेल का?" नाही थांबणार. तिथेच गाडी रुळावर आली, आणि काही काळाने पेटंट मंजूर झालं.

पेढे वाटून झाले. मग शेजारच्या तालुक्यात तेच यंत्र दिसलं, रंग तेवढा निळा. वकिलांनी नोटीस पाठवली. उत्तर आलं की तुमचं पेटंटच मुळात रद्द व्हायला हवं. इथे कायद्याची गोम कळली. दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो, पण समोरच्याने पेटंट रद्द करा असा प्रतिदावा केला की कलम १०४ प्रमाणे सगळं प्रकरण उच्च न्यायालयात जातं. म्हणजे मुंबईचे वकील, तज्ज्ञांची मतं, तारखा. माझ्या यंत्राची किंमत ती काय! मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, नूतनीकरण सुरुवातीला वर्षाला ८०० रुपये आणि शेवटच्या पाच वर्षांत ८,०००. हक्क टिकवणं स्वस्त, बजावणं महाग.

म्हणून आम्ही काही वर्कशॉपवाले मिळून केंद्राच्या उद्योग विभागाला निवेदन देतोय. जर्मनीत १८९१ पासून छोट्या सुधारणांसाठी वेगळी नोंदणी आहे, चीनमध्येही आहे. दोन्हीकडे मुदत फार तर १० वर्षं, पण सखोल तपासणीसाठी थांबावं लागत नाही, म्हणून हक्क लवकर हातात पडतो. आपल्याकडे ती सोयच नाही. सोबत छोट्या रकमेच्या वादांचा निकाल, पेटंटच्या वैधतेसकट, जिल्ह्यातच ठरावीक मुदतीत लागावा, अशी दुसरी मागणी.

यावर आक्षेप असा की न तपासता हक्क वाटले तर फुटकळ नोंदींचा पूर येईल आणि त्याच दाखवून मोठे लोक आमच्यासारख्यांनाच धमकावतील. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. म्हणून मसुद्यात अट घातली आहे: नोंदणी लगेच द्या, पण दावा लावण्याआधी तपासणी करून घेणं बंधनकारक ठेवा. मुदतही सात वर्षं पुरे. ठिबकवाल्यांच्या धंद्यात तेवढ्यात दोन नवी मॉडेलं येऊन जातात.