गाडीत काय बिघडलंय ते आम्हाला सांगा

मेट्रोच्या नव्या गाडीत दोष निघाला तर मी लगेच कुणाला शिव्या घालत नाही. एका डब्यात हजारो सुटे भाग असतात, ते ठिकठिकाणच्या कारखान्यांतून येतात, आणि चाचणीत गाडी कितीही पळवली तरी खरी गर्दी, खरा पाऊस आणि रोजची झीज सुरू झाल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. माझा जीव तुटतो तो पुढच्या टप्प्यावर. दोष आतल्या माणसांना कळलेला असतो, आणि रोज त्याच डब्यात बसणाऱ्याला मात्र कुणी काही सांगत नाही.

मी कणकवलीत औषधांचं दुकान चालवतो. भुयारी रेल्वेचा विषय माझ्या डोक्यात शिरला तो भाचीमुळे. ती व्हर्जिनियात राहते, वॉशिंग्टनमधल्या एका हॉस्पिटलात कामाला आहे आणि मेट्रोनं जाते-येते. २०२१ च्या ऑक्टोबरात तिचा फोन आला, "मामा, अर्ध्या अर्ध्या तासान एक गाडी येता. माझी ड्युटी चुकतली." इतकी वर्षं तिकडे काढली तरी घरच्यांशी ती मालवणीतच बोलते. गाड्या का नाहीत, विचारलं तर म्हणाली, नव्या गाड्यांची चाकं बघतायत म्हणे. त्या "म्हणे"नं मला स्वस्थ बसू दिलं नाही. नंतर मिळेल ते सगळं वाचून काढलं.

झालं होतं ते असं. १२ ऑक्टोबर २०२१ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास ब्लू लाइनची एक गाडी आर्लिंग्टन सेमेटरी स्थानकाजवळ बोगद्यात रुळांवरून घसरली. आत १८७ प्रवासी होते. त्यांना बोगद्यातून चालत बाहेर काढावं लागलं. कुणाचा जीव गेला नाही, ही देवाची कृपा. गाडी होती ७००० मालिकेतली, कावासाकी कंपनीची, २०१५ पासून सेवेत येऊ लागलेली, म्हणजे तिथल्या ताफ्यातली सगळ्यांत नवी. तपासात दिसलं की अ‍ॅक्सलवर, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, घट्ट बसवलेली चाकं हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकत होती. दोन चाकांमधलं अंतर असं वाढलं तरी साध्या रुळावर गाडी निभावून नेते. जिथे रुळांना फाटे फुटतात, गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाते, तिथे चाक भलतीकडे चढू शकतं. हीच गाडी त्याच दिवशी आधीही घसरली होती आणि आपोआप पुन्हा रुळावर आली होती. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्या फेऱ्यांमध्येही माणसं बसलेली होतीच की!

आणि सरकलेली चाकं तपासणीत २०१७ पासून सापडत होती. मेट्रोच्या लोकांना ते ठाऊक होतं. तिथल्या मेट्रोवर सुरक्षेची देखरेख ठेवायला एक स्वतंत्र आयोग आहे, त्यालासुद्धा हे कळवलेलं नव्हतं. मग प्रवाशांची काय कथा. आयोगानं १७ ऑक्टोबरला या मालिकेचे सगळे, म्हणजे ७४८ डबे सेवेतून काढायला लावले. एकूण ताफ्यातले साठ टक्के डबे! रेड लाइनवर पंधरा मिनिटांनी एक गाडी आणि बाकी मार्गांवर अर्ध्या तासानं एक, अशी वेळ आली. सेवा पूर्ववत कधी होणार, याची तारीख पुढे पुढे सरकत राहिली. डिसेंबरात काही गाड्या परत आल्या आणि ठरलेल्या पद्धतीनं तपासणी झाली नाही म्हणून वर्ष संपायच्या आत पुन्हा काढल्या. त्या टिकून परत यायला २०२२ चा जून उजाडला.

भाचीनं या आठ महिन्यांत काय केलं? ती घरातून तासभर आधी निघायची आणि बाकी देवावर हवाला. तिचं म्हणणं एवढंच होतं की पहिल्याच आठवड्यात कुणी स्पष्ट सांगितलं असतं, "हे काम महिन्यांचं आहे, दिवसांचं नाही," तर तिनं ड्युटी बदलून घेतली असती. दर दोन-तीन आठवड्यांनी नवी तारीख ऐकून माणूस ना थांबू शकतो, ना दुसरी सोय करू शकतो.

माझ्या धंद्यात एक पद्धत आहे. एखाद्या औषधाच्या बॅचमध्ये खोट निघाली की ती बॅच परत बोलावतात. स्टॉकिस्टकडून निरोप येतो, त्यात औषधाचं नाव असतं, बॅच नंबर असतो, काय खोट आहे ते असतं. मी फळीवरच्या गोळ्यांच्या पत्त्या उलटून नंबर बघतो, त्या बॅचच्या वेगळ्या काढतो, आणि कुणाला दिल्या ते आठवत असेल तर फोन करतो. "काही औषधांत तांत्रिक अडचण आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढाच निरोप आला तर मी काय डोंबल करणार? गाड्यांच्या बाबतीत मला एवढंच हवंय: कुठली गाडी, काय खोट, आणि मी काय करायचं.

असं सांगता येतं, याचं उदाहरणही अमेरिकेतच आहे. न्यूयॉर्कच्या सबवेत बंबार्डिअर कंपनीच्या आर १७९ या नव्या गाड्यांच्या दारांमध्ये दोष दिसला. २०२० च्या जानेवारीत तिथल्या प्रशासनानं या मालिकेचे २९८ डबे सेवेतून काढले आणि लगोलग जाहीर केलं: डबे कुठले, बनवणारी कंपनी कुठली, दोष दारांचा आहे. त्यांच्या जागी दुसरे डबे लावले. तपासणी करून महिनाअखेरीच्या सुमारास गाड्या परत आल्या. इथे कुणाला दुखापत झालेली नव्हती. डबे जुने असले तरी चालतील, दार भलत्या वेळी उघडायला नको, हे त्यांनी आधी ठरवलं आणि बोलून दाखवलं. लोक त्या कंपनीवर रागावले असतील, पण कुणी आपल्याला अंधारात ठेवलं असं त्यांना वाटायचं कारण उरलं नाही.

आता घरचं सांगतो. १४ जुलै २०२४, रविवार. खेडजवळ दिवाणखवटीला बोगद्याच्या तोंडाशी दरड आली आणि कोकण रेल्वेचा मार्ग बंद पडला. आमच्याकडे पाऊस धो धो. स्टेशनवरून माणसं भिजत माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहत होती. त्यात एक आजोबा होते, दादरला मुलाकडे निघालेले. हातात स्टीलचा डबा, डब्यात ओल्या पंचात गुंडाळलेली इन्सुलिनची पेनं. "गाडी खंय इली, कोण सांगात काय? ही बाहेर कितकी टिकतली?" असं त्यांनी मला विचारलं. आता, वापरात असलेलं पेन बहुतेक वेळा चारेक आठवडे फ्रिजबाहेर चालतं. न उघडलेली पेनं साठवायला मात्र २ ते ८ अंशांची थंडाई लागते. प्रश्न दोन तासांचा असेल तर ओला पंचा पुरेसा होता. रात्रभराचा असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवलेली बरी.

तेवढ्यात स्टेशनवरून एक पोरगा सांगत आला. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं सगळ्यांना गोळा करून सरळ सांगितलं होतं, की दरड मोठी आहे, माती अजून खाली येतेय, आज रात्री गाडी मिळेल अशी आशा धरू नका, नऊ वाजता परत या, मी असेल ते सांगतो. बस्स. या चार वाक्यांवर आजोबांनी निर्णय घेतला. न उघडलेली पेनं माझ्या फ्रिजमध्ये ठेवली, चालू पेन खिशात घातलं आणि जानवलीला बहिणीकडे रात्र काढायला गेले. मार्ग दुसऱ्या दिवशी सुरू झाला. त्या कर्मचाऱ्याचं नाव मला आजही माहीत नाही, पण नऊ वाजता तो खरंच आला होता आणि "अजून काही नवीन नाही" एवढंच सांगून गेला होता. नवीन काही नसताना येऊन तसं सांगणं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कोकणातला माणूस उशिराला घाबरत नाही. पावसाळी वेळापत्रक आम्हाला पाठ आहे. २०२५ मध्ये ते १५ जूनपासून २० ऑक्टोबरपर्यंत होतं. फार जोराचा पाऊस असेल आणि पुढचं नीट दिसत नसेल तर गाडी ताशी ४० किलोमीटरनं चालवायची, असा नियम आहे. काळ, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे, रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर वारा मोजतात. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी घसरून ५१ माणसं गेली, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे गाडी रांगत चालली तरी कुणी कुरकुरत नाही. कारण माहीत असतं आणि ते पाऊस सुरू व्हायच्या आधी सांगितलेलं असतं.

मग मुंबईच्या नव्या मेट्रोकडून मी हीच अपेक्षा का करू नये? आरे ते कफ परेड हा मेट्रो ३ चा मार्ग ३३.५ किलोमीटरचा, २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली. आमच्या वाडीतली पोरं वरळीला, गिरगावला राहतात आणि त्याच गाडीनं कामावर जातात. ९ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौकापर्यंतच्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि २६ मे ला, मुंबईत पाऊस पोचला त्याच दिवशी, त्या स्थानकात पाणी शिरलं. काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडची भिंत कोसळून पाणी आत आलं आणि गाड्या वरळीपर्यंतच धावतील, असं प्रशासनानं सांगितलं. हे निवेदन मला पटलं, त्यात कारणही होतं आणि काय चालू, काय बंद तेही होतं. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. काम अर्धवट आहे हे ठाऊक असताना "पहिल्या पावसात हे स्थानक बंद ठेवावं लागू शकतं" असं आधी सांगायला काय हरकत होती?

१९ ऑगस्ट २०२५ ची मोनोरेल तर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. भर पावसात गाडी अधांतरी थांबली, एसी बंद, आत दाटीवाटीनं माणसं. ५८२ जणांना उतरवावं लागलं. गाडीची क्षमता १०४ टनांची आणि वजन १०९ टनांवर गेलं होतं, हे नंतर जाहीर झालं. १०४ हा आकडा मला त्या दिवसानंतर कळला. दारात उभ्या असलेल्या माणसाला तो चढायच्या आधी, त्याला समजेल अशा शब्दांत कळायला हवा होता.

भुयारात ही गरज आणखी वाढते. खिडकीबाहेर काळोख, आणि मेट्रो ३ सुरू झाली तेव्हा खाली बऱ्याच ठिकाणी मोबाइललाही रेंज नव्हती. अशा वेळी डब्यातल्या स्पीकरशिवाय दुसरं काही नसतं. त्यातून आधी मराठीत, थांबल्यापासून एक-दोन मिनिटांत, काय झालंय आणि पुन्हा कधी बोलू हे यायला हवं. एखाद्या मालिकेच्या गाड्यांत दोष सापडला असेल तर त्या किती, कुठला भाग, आणि तो दुरुस्त होईपर्यंत गाड्या किती मिनिटांनी येणार, हे स्थानकाच्या फलकावर लावायला हवं.

आमच्या इथल्या प्रवासी संघटनेच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. मुंबईकर मंडळींना विनंती: मेट्रोनं रोज जात असाल आणि गाडी मध्येच थांबली असेल, तर डब्यात काय सांगितलं, किती वेळानं सांगितलं आणि कुठल्या भाषेत, ते मला लिहून पाठवा. चांगलं सांगितलं असेल तर ते आधी पाठवा.