शिमोकिताझावाच्या तळघरात ऐकलेला जपान

क्योतोची मंदिरे, फुजीचे दर्शन आणि बुलेट ट्रेन यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून ते सारे बाजूला ठेवून मी थेट टोकियोतील शिमोकिताझावाकडे वळते. शिबुयाहून लोकलने काही मिनिटांत येणाऱ्या या वस्तीत अरुंद गल्ल्या आणि जुन्या कपड्यांची दुकाने आहेत, आणि तळघरांत ‘लाइव्ह हाउस’ म्हणून ओळखली जाणारी छोटी संगीतगृहे आहेत.

अशाच एका तळघराच्या दारात तिकिटे देणारी मुलगी प्रत्येकाला, आज कोणत्या बँडसाठी आलात, असे विचारत होती आणि समोरच्या कागदावर त्या नावापुढे रेघ ओढत होती. पुष्कळ ठिकाणी नवख्या बँडला ठरावीक तिकिटे खपवावी लागतात आणि ती खपली नाहीत तर उरलेली रक्कम पदरची भरावी लागते, हे मला ठाऊक होते. दिवसभर राबून रात्री वाजवणाऱ्या मुलांकडूनच पैसे घेणारी ही पद्धत मला मुळीच पटत नाही. कागदावरच्या एका नावापुढे एकही रेघ नव्हती; मी त्याच नावावर बोट ठेवले.

पहिल्या बँडने सत्तरच्या दशकाअखेरच्या सिटी पॉपची, म्हणजे शहरी थाटाच्या जपानी पॉप संगीताची, आठवण करून दिली: स्वच्छ, तुटक गिटार आणि तिच्याखाली डोलणारा बास. दुसऱ्याने नव्वदच्या दशकातला कर्कश रॉक इतका मोठ्याने वाजवला की छातीत धडधड जाणवली. मी निवडलेली तिघे लॅपटॉप घेऊन आली. त्यांची गायिका ज्या वेगाने शब्द फेकत, सुरांवरून उड्या घेत होती, त्याचे मूळ २००७ मध्ये आलेल्या हात्सुने मिकू या संगणकीय आवाजात आहे. त्या आवाजाला श्वास घ्यावा लागत नसल्यामुळे त्याच्यासाठी गाणी रचणाऱ्यांनी मानवी गळ्याची मर्यादा सोडून दिली. पुढे त्यांच्यातूनच गायक केन्शी योनेझू आणि योआसोबी या जोडीचे संगीतकार आयासे घडले, आणि आता माणसेच त्या उड्या घेत गातात. ही गायिका दोन ओळींच्या मध्ये माइकपासून तोंड वळवून घाईघाईने श्वास भरून घेत होती. मला तिचे अतोनात कौतुक वाटले.

नवे आले की जुने मोडीत निघते, असे इथे घडलेले दिसत नाही. जपानी भाषेत रॉक गाता येईल का, या वादाला १९७१ मध्ये ‘काझेमाची रोमान’ या अल्बमने उत्तर देणाऱ्या हॅपी एंड या बँडमधले बासवादक हारुओमी होसोनो १९७८ मध्ये यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा इलेक्ट्रॉनिक बँड स्थापून सिंथेसायझरकडे वळले. एकाच माणसाने दोनदा दिशा बदलावी आणि दोन्ही वाटांवर पुढच्यांनी चालत राहावे, हे मला फार मोठे वाटते. कार्यक्रम संपल्यावर स्वतःच्या सीडी मांडून बसलेल्या त्या लॅपटॉपवाल्या मुलाला मी त्याच्या आवडत्या बासवादकाचे नाव विचारले, तेव्हा त्याने क्षणाचाही विलंब न लावता होसोनोंचेच नाव घेतले.

तिकिटाव्यतिरिक्त एका पेयाचे पैसे सक्तीने भरावे लागतात. ते बहुतेक वेळा जागेच्या मालकाकडे जातात, म्हणून तिथे जाणाऱ्यांनी मुलांच्या टेबलावरची एक सीडी तरी अवश्य विकत घ्यावी.