पर्गोल्यावरचे छप्पर

कोथरूडमधील एका गृहनिर्माण संस्थेच्या बागेसाठी मी आराखड्यात पर्गोला, म्हणजे खांबांवर आडव्या पट्ट्या अंतराअंतराने बसवून वेलींसाठी केलेला उघडा सांगाडा, दाखवला होता. संस्थेच्या इतिवृत्तात त्याची नोंद 'गझीबो' अशी झाली आणि कंत्राटदाराच्या दरपत्रकात तीच वस्तू 'गार्डन शेड' या नावाने आली. तिन्ही कागदांवर रीतसर सह्या झाल्या. मे महिन्याच्या मध्यात मी पाहणीला गेले, तेव्हा लोखंडी सांगाड्यावर निळसर पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, शीट बसवलेले होते आणि खालच्या बाकांवर भर दुपारी कोणीही टेकायला तयार नव्हते.

उद्यानरचना म्हणजे झाडांची निवड, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात आमचा बराचसा वेळ दरपत्रक आणि आराखडा ताडून पाहण्यात जातो, आणि येथे आराखडा पाळलाच गेला नव्हता. पर्गोल्याचे सारे मर्म वरच्या पट्ट्यांच्या दिशेत असते. पुण्यात मेच्या मध्यास सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस याच सुमारास असतो. त्या दिवसांत सूर्याचा मार्ग जवळपास सरळ पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, म्हणून पट्ट्या दक्षिणोत्तर हव्यात. पट्टीची उंची १५० मिलिमीटर आणि दोन पट्ट्यांमधील मोकळी जागाही १५० मिलिमीटर ठेवली, की सूर्य ४५ अंशांखाली उतरल्यावर, म्हणजे साधारण पावणेचारनंतर, थेट ऊन खाली पोचत नाही. त्याच पट्ट्या पूर्व-पश्चिम लावल्या, तर सूर्य दिवसभर त्यांच्या रेषेतूनच चालत राहतो आणि सावली पडते ती केवळ पट्टीच्या जाडीएवढी. आराखड्यावर दिशा बाणाने दाखवलेली असूनही कंत्राटदाराने पट्ट्या पूर्व-पश्चिम जोडल्या होत्या, कारण त्या बाजूला पट्ट्यांचा सहा मीटरचा पाइप न कापता बसत होता. ऊन लागते अशी तक्रार आली, तेव्हा त्यावर उपाय म्हणून शीट चढले. शीटखाली गरम हवा कोंडू लागली, आणि दोष मात्र पर्गोल्याला लागला.

कोपऱ्यातल्या खांबांशी मधुमालती आणि लसण्या वेल लावलेल्या होत्या. मधुमालतीचा शेंडा पट्ट्यांपर्यंत पोचून पाइप आणि शीट यांच्या फटीत अडकला होता. कोवळी पाने तपकिरी होऊन कुरकुरीत झाली होती, आणि त्याच्या हातभर खालून फुटलेला नवा फुटवा प्रकाशाच्या शोधात कडेने बाहेर वळला होता. ते पाहून मला कमालीचे वाईट वाटले.

संस्थेच्या कार्यालयात बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, नावाचे काय घेऊन बसलात? सावली मिळाल्याशी कारण." मी सांगितले, की गझीबो म्हणजे पक्के छप्पर असलेली, बाजूंनी उघडी, बसून बाहेरची बाग पाहण्याची स्वतंत्र वास्तू; इंग्रजीत तो शब्द १७५२ च्या एका वास्तुविषयक पुस्तकात आढळतो. पर्गोल्याला मात्र छप्पर वेलींनी करायचे असते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ भिंतीपासून पुढे आलेला छज्जा असा आहे, आणि उत्तर इटलीत आजही द्राक्षवेली चढवण्याच्या पद्धतीला पर्गोला म्हणतात.

त्यावर मूळचे तासगावकडील एक निवृत्त सभासद चटकन म्हणाले, "अहो, मग हा आमच्या द्राक्षबागेतला मांडवच की!" ते अगदी बरोबर होते: खांब, वर तारा आणि त्यावर पसरलेली वेल. तरीही तो शब्द मी कागदावर घेतला नाही. पुण्यात मांडव म्हटले, की लग्नाचा किंवा गणपतीचा मांडव डोळ्यांपुढे येतो, आणि तसा मांडव वरून झाकलेलाच असतो; कंत्राटदाराने पुन्हा काहीतरी झाकूनच दिले असते.

खरी अडचण बैठकीच्या शेवटी उघड झाली. ज्येष्ठ सभासदांना पावसाळ्यातही संध्याकाळी बसायला जागा हवी होती, आणि ही गरज कोणत्याही कागदावर कोणी लिहिलीच नव्हती. व्यवस्थापन समित्यांची ही जुनी खोड आहे: वस्तूचे नाव आधी ठरते आणि ती कशासाठी हवी, हे काम झाल्यावर समजते. पावसासाठी पक्के छप्पर आणि वेलींसाठी मोकळे आकाश या दोन्ही गोष्टी एकाच सांगाड्यावर साधणार नाहीत, हे मी स्पष्ट सांगितले. पावसाळी बैठकीची सोय फाटकाजवळ वेगळी करावी, येथील शीट काढावे, पट्ट्या कापून दक्षिणोत्तर जोडाव्यात आणि वेल भरेपर्यंत वर बांबूचे तट्टे टाकावेत, असे मी सुचवले.

हे मान्य झाले. खर्च कोणी करायचा, ते ठरलेले नाही. कंत्राटदार दरपत्रकातील 'शेड' या शब्दावर बोट ठेवतो, आणि शेडला छप्पर असतेच, हे त्याचे म्हणणे कागदोपत्री खोडता येत नाही. दिशेचा बाण मात्र आराखड्यावर आहे. तफावत आढळल्यास आराखडा ग्राह्य धरावा, हे नेहमीचे कलम संस्थेने दिलेल्या कार्यादेशात नाही. पट्ट्या कापण्याचा आणि पुन्हा जोडण्याचा खर्च त्याने करावा आणि शीटचा संस्थेने, असे माझे मत आहे. पुढील सभेच्या विषयपत्रिकेत 'पर्गोल्याचे छप्पर' असा विषय आला आहे. तो बदलून 'पर्गोल्यावरील शीट काढणे व पट्ट्यांची दिशा बदलणे' असा करावा, असे पत्र मी सचिवांना दिले आहे.