आधी न चाखलेला सेमीफ्रेद्दो

शनिवार, रात्री उशिरा

जो पदार्थ आपण कधी खाल्लेलाच नाही, तो जमला की नाही हे ठरवायचं कशावरून? आज मित्रमंडळींसाठी सेमीफ्रेद्दो केला, म्हणजे अर्धवट गोठल्यासारखा मऊ लागणारा इटालियन गोड पदार्थ. मी तो कधी चाखला नव्हता आणि जेवायला येणाऱ्यांपैकीही कुणी नाही. रोजच्या स्वयंपाकात हाताला सवय असते, वासावरूनच पुढचं कळतं. इथे तसलं काहीच नव्हतं. होता तो एक थर्मामीटर आणि वाचून डोक्यात बसलेलं वर्णन.

हाच निवडला, कारण यंत्र लागत नाही. जिलातो, म्हणजे इटालियन आईस्क्रीम, गोठवता गोठवता घुसळत राहावा लागतो. सेमीफ्रेद्दोत हवा आधीच भरून घ्यायची आणि मग मिश्रण साच्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचं, हलवायचं नाही. रात्रभर त्याचं तो बघतो. पाहुणे आले की आपण स्वयंपाकघरात अडकून पडत नाही, हा आणखी एक फायदा.

खरं काम काल संध्याकाळी झालं. सहा अंड्यांचे पिवळे बलक, १२० ग्रॅम साखर आणि १०० मिली संत्र्याचा रस. बलक आणि साखर फेटून केलेल्या अशा मिश्रणाला झाबाल्योने म्हणतात, आणि मूळ झाबाल्योनेत रसाच्या जागी मार्साला असते, सिसिलीची वाइन. १७७३ मध्ये जॉन वुडहाउस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ती इंग्लंडला पाठवली तेव्हा लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात स्पिरिट, म्हणजे कडक मद्य, मिसळलं, आणि ती तिकडे चांगलीच खपली. जहाजासाठी केलेली तजवीज पुढे मिष्टान्नात जाऊन बसली, याची मला गंमत वाटते. पण आज मुलंही येणार होती, म्हणून संत्रं.

मंद उकळणाऱ्या पाण्यावर भांडं ठेवायचं, त्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही आणि फेटत राहायचं. बराच वेळ नुसता फेस दिसतो. मग रंग फिकट होतो, मिश्रण फुगतं आणि फेटणी उचलली की त्याची जाड धार पडते. ती धार खालच्या मिश्रणात लगेच विरत नाही, वर क्षणभर नक्षीसारखी राहते. ते दिसलं तेव्हा वाटलं, अरे, हेच असणार! थर्मामीटरवर ७१ अंश ओलांडलेले होते, म्हणजे अंडं कच्चं राहण्याची काळजीही मिटली. आणखी तापवलं असतं तर बलक फाटून त्याच्या गुठळ्या झाल्या असत्या. साखर बलकाला थोडं सांभाळून घेते, पण किती, याची परीक्षा बघायची हिंमत माझ्यात नव्हती.

साखर कमी करायचा मोह फार झाला. आपल्याला प्रत्येक पाककृतीतली साखर जास्तच वाटते. पण इथे ती फक्त गोडीसाठी नाही. साखरेमुळे पाणी लवकर गोठत नाही, म्हणून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमधून काढल्यावरही सुरी आत जाते. मार्सालातलं अल्कोहोलही तेच काम करतं, आणि मी तर ती आधीच वगळली होती. तेव्हा साखरेला हात लावला नाही.

बलकाचं मिश्रण पूर्ण गार झाल्यावर ४०० मिली फेटलेलं क्रीम त्यात मिसळलं, थोडं थोडं, खालून वर घेत. इथे घाई केली की भरलेली हवा निघून जाते आणि उरतो गोड बर्फ.

आज जेवणानंतर साचा उलटा केला, दहाएक मिनिटं तसाच बाहेर ठेवला आणि मग कापला. कापे सरळ पडले. पहिला घास घेतल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू उत्तरपत्रिका माझ्याकडे होती. "आईस्क्रीम नाहीये हे," एक मैत्रीण म्हणाली. "मूसही नाही," दुसरी म्हणाली. मग हा आणखी घट्ट हवा होता की आणखी मऊ, यावर जोरात वाद झाला. वाद मिटवू शकेल असं टेबलावर कुणीच नव्हतं, म्हणून तो छान लांबला. एकाने आपला तुकडा मुद्दाम वितळू दिला आणि असाच जास्त चांगला लागतो म्हणून ठासून सांगितलं. मुलांनी काही मत न देता दुसऱ्यांदा मागितला.

मला आवडला का? हो. संत्र्याची साल किसून घातली होती, ती अजून थोडी चालली असती. पण पुढच्या वेळी ही मोकळीक नसेल. आता आजचा सेमीफ्रेद्दो सगळ्यांच्या जिभेवर आहे, तुलना त्याच्याशीच होणार.

फ्रीजमध्ये सहा अंड्यांचं पांढरं उरलंय. आमारेत्ती करावी म्हणते, ती बदामाची बिस्किटं पांढऱ्यावरच होतात. तीही कधी खाल्लेली नाहीत. बदामाची पूड मात्र आणायला हवी.