राजापूरचा रस्ता, सव्वासहा ते साडेसात

येवल्यात चहाच्या टपरीवर एका गृहस्थाने आम्हाला सांगितलं, "पाचला जा, हरणं बघा, निवांत सातला परत या. रस्ता एकदम लोणी." त्याने त्या रस्त्यावर जन्मात कधी सायकल चालवली नसणार. रस्ता लोणीच आहे, त्यात खोटं काही नाही. पण दिवस कलला की त्या डांबरावर माणसापेक्षा जनावरांची ये-जा जास्त असते, आणि ही गोष्ट आम्हाला एकानेही सांगितली नाही. सांगणारे सगळे चारचाकीतून, काचा वर करून जाणारे.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, मी आणि माझा मेव्हणा, दोन सायकली. नाशिक, नांदूरमध्यमेश्वर, येवला आणि शेवटी राजापूर-ममदापूरच्या माळावर काळवीट हरणं बघायची असा बेत. दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर होत असतील आणि रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब बदलता येत असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी आधी दोन-चार वेळा त्र्यंबकला जाऊन यावं.

पहिला दिवस सुखाचा गेला, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं थोडं. चांदोरी-सायखेड्यावरून आतल्या रस्त्याने नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेचा संगम, रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण, चापडगावला बघायला मनोरे. पक्षी होते, भरपूर होते. ज्यांना पक्ष्यांतलं कळतं त्यांचं वाचा.

सायखेड्याच्या पुढचा एक प्रसंग मात्र सांगतो. दोन्ही बाजूंना ऊस. पलीकडच्या पट्टीत तोड चालू, बैलगाड्या भरताहेत, अलीकडचा अजून उभा. मेव्हण्याला 'जाऊन यायचं' होतं. सायकल बांधाला टेकवून तो उसाकडे वळला, तोच मोटर बंद करायला आलेले एक बाबा ओरडले, "ओ भाऊ, तिथं बसू नका! उभ्यानं उरका नाहीतर गावात चला!" आम्हाला हसू आलं, त्यांना अजिबात नाही. निफाड-सिन्नरच्या बागायतीत बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो. तोड सुरू झाली की त्याचं घर रोज चार सऱ्यांनी कमी होतं आणि तो शेजारच्या उभ्या पट्टीत सरकतो. उभ्या माणसाला तो सहसा टाळतो. बसलेला, वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, कुत्र्या-शेळीच्या मापाचं काहीतरी वाटतं. बाबा स्वतः रात्रीच्या लाइटवर पाणी भरायला जातात तेव्हा मोबाइलवर मोठ्याने भजनं लावतात. "आवडीनं नाही हो, आवाज पाहिजे म्हणून." तेव्हा तोड चालू असलेल्या उसाच्या कडेला बसायचं नाही, चेन चढवायला ओणवंही व्हायचं नाही. सायकल ढकलत मोकळ्या रानापर्यंत न्या आणि मग काय ते करा. बिबट्या आम्हाला दिसला नाही. घरून निघताना सगळ्यांनी त्याचीच भीती घातली होती आणि सबंध प्रवासात त्याच्यापायी एकदाही दम लागला नाही. दम लावला तो हरणांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारी येवल्याहून नांदगाव रस्त्याने राजापूरकडे निघालो. नाशिकच्या द्राक्षबागा बघितलेल्या माणसाला हा मुलूख आपल्याच जिल्ह्यातला वाटत नाही. माळ, खुरटं गवत, वेडी बाभूळ, मध्येच कांद्याचे हिरवे वाफे. ममदापूरचं संवर्धन राखीव क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं आहे, राजापूर, खरवंडी, देवदरी ही गावं त्याला लागून. ताडोब्यासारखं फाटक आणि कुंपण डोळ्यांसमोर आणू नका. काळवीट राखीवात जेवढं असतं तेवढंच लोकांच्या कांद्यात असतं, आणि इकडून तिकडे जायला त्याला डांबर ओलांडावंच लागतं.

तिथे आमची पहिली फसवणूक झाली. एक पिकअपवाला भेटला. "सायकलवर काय दिसणार तुम्हाला? आतून फिरवतो, परवानगी आहे आपल्याकडे." बाराशे ठरले. सायकली मागे टाकल्या, तर त्याचे वेगळे दोनशे. परवानगीचा कागद विचारला तर "साहेब ओळखीचे आहेत". हे उत्तर ऐकून तिथेच उतरायला हवं होतं. नाही उतरलो, माझी चूक. एका बांधापलीकडे पंधरा-वीस हरणांचा कळप दिसला आणि या पठ्ठ्याने गाडी सरळ माळात घातली, कळपाच्या मागे. माद्या उड्या मारत सुटल्या, काळा नर मागे वळून वळून बघत पळत होता. हॉर्न वाजवत तो म्हणतो, "काढा व्हिडिओ, काढा!" मी ओरडून गाडी थांबवायला लावली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे, जनावराला हाकणं, त्याचा पाठलाग करणंही त्यातच येतं, आणि काळवीट पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीतलं. बंदूक न धरता आम्ही शिकारीच्या गाडीत बसलो होतो, वर त्याचे चौदाशे मोजले. कुणी 'आतून' म्हणालं की नमस्कार करून पुढे जा.

त्याने आम्हाला परत रस्त्यावर सोडलं तेव्हा सव्वासहा झाले होते. दहा मिनिटांत माझं मागचं चाक बसलं. वेड्या बाभळीचा काटा, तो रस्त्याच्या कडेलाच लागला असणार, सायकल उतरवताना. ट्यूब बदलून, पंप मारून, हात पुसून होईतो सूर्य गेला. आणि मग साधारण तासाभराचा तो पट्टा.

आधी तितर. ते वाटेच्या कडेने चाकापुढे पळत राहतात, उडतच नाहीत, आणि आपण अगदी अंगावर गेलो की पायाखालून फर्रकन उठतात. चार-पाच एकदम. तेवढ्यानेच हँडल डगमगतं. मोराचं उलटं, जड अंगाने तो सावकाश उठतो आणि पहिले काही फूट तोंडाच्या उंचीवरूनच जातो. दोन्हींसाठी उपाय एकच, वेग कमी आणि दोन्ही हात ब्रेकवर. आम्ही दोघंही ताशी पंधराच्या वर जात नव्हतो, म्हणून हे लिहायला हात शाबूत आहेत.

मग डावीकडून कुत्री ऐकू आली. गावची मोकाट कुत्री, तिघं-चौघं, हरणामागे लागलेली. मी थांबलो. एक मादी बांधावरून उडी मारून रस्त्यावर आली, पलीकडे गेली. एवढंसं तोंड, बाजूला काढलेले डोळे, आणि खुरांचा डांबरावर टक-टक-टक असा कोरडा आवाज. "गेली," मी म्हटलं आणि पायडल मारलं. मागून मेव्हणा ओरडला, "दाजी, थांबा!" दुसरी माझ्या पुढच्या चाकापासून चार हातांवर डांबरात उतरली आणि घसरली. मोकळ्या माळावर ताशी ऐंशीच्या घरात पळणारं हे जनावर, पण गुळगुळीत डांबरावर त्याचे खूर धरत नाहीत. चारही पाय चार दिशांना, पोट जवळजवळ रस्त्याला टेकलेलं, नाकपुड्या फुललेल्या. क्षणभर ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मग धडपडून उठली आणि अंधारात गेली. तिच्यामागे आणखी पाच आल्या, मी मोजल्या. शेवटी नर.

सबंध प्रवासात शिकलो ते एवढंच. पहिलं हरिण गेलं म्हणजे रस्ता मोकळा झाला असं समजू नका. कळप पुढच्याच्या मागे जातो, मध्ये कोण आहे ते बघत नाही. एक दिसलं की पाय टेका आणि पन्नास अंक मोजा. ज्या बाजूने आलं तिकडे बघा, गेलं तिकडे बघून उपयोग नाही. आणि कुत्री ऐकू आली तर दिसायची वाट न बघता आधीच थांबा. सायकलला आवाज नसतो हा आपल्याला गुण वाटतो. तिन्हीसांजेला तो अवगुण आहे. ट्रक जनावरांना लांबून कळतो, आपण नाही कळत. आम्ही उरलेला रस्ता घंटी वाजवत, मोठ्याने गप्पा मारत काढला. बाबांची भजनं तेव्हा आठवली.

काळोख पूर्ण झाल्यावर रातवे. दिवसभर तापलेल्या डांबरावर हा पक्षी बसून राहतो आणि उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसतात. मेव्हण्याला वाटलं कुणी विडी टाकून गेलंय. एक चाकाखाली येता येता वाचला. साधा ब्लिंकर लावून या रस्त्यावर जाऊ नका. पुढे दूर फेकणारा दिवा, मागे लाल, आणि शक्य असेल तर डोक्यावर एक, कारण वळणाच्या कडेचं हँडलवरच्या दिव्यात दिसत नाही. विहिरींना कठडे असतीलच असं धरून चालू नका, त्यामुळे घाबरून बाजूच्या रानात सायकल घालणं हा उपाय नव्हे. त्या विहिरींत हरणंसुद्धा पडतात. जखमी जनावर दिसलं तर हात लावू नका, पाणी पाजायला जाऊ नका, १९२६ ला फोन करा, वनखात्याचा क्रमांक आहे. मेलेल्याची शिंगं, पिसं उचलणं हा वेगळा गुन्हा.

येवल्यात साडेसातला पोहोचलो, मांड्या थरथरत होत्या, चढाने नव्हे. जेवायला ढाब्यावर बसलो तर पोऱ्या कानाशी येऊन म्हणतो, "तितर आहे, रानातलं. पाचशे प्लेट." ज्या दिवशी तितराने आम्हाला दोनदा पाडायचं बाकी ठेवलं त्या दिवशी हे. खरंच रानातलं असेल तर तो गुन्हा आणि आपण त्याचे भागीदार. नसेल तर फार्मवरचा जपानी लाव्हा (बटेर) तितराच्या भावात. दोन्हीकडून आपणच मूर्ख. शेवभाजी मागवली, तीही तेलकट निघाली.

मी तर तिथूनच परत फिरायच्या विचारात होतो. मेव्हण्याने पहाटे साडेपाचला उठवलं. उजाडू दिलं, मगच निघालो, हे महत्त्वाचं, कारण फटफटायच्या आधी तोच खेळ उलट दिशेने चालू असतो. आणि राजापूरच्या अलीकडे, डांबरावर उभं राहून, एक रुपया न देता, आम्ही चाळीसेक हरणं पाहिली. कोवळ्या उन्हात दोन नर शिंगात शिंग अडकवून मागे-पुढे होत होते, पिळाच्या शिंगांचा खडखड आवाज रस्त्यापर्यंत येत होता. कळप आमच्याकडे बघायचा, चरायचा, परत बघायचा. तासभर उभे होतो. पाणी संपलं तरी हललो नाही. कालचे चौदाशे तेव्हा जास्त झोंबले.

तेव्हा मुक्काम येवल्यात, निघणं उजाडल्यावर, नऊच्या आत परत. संध्याकाळी जायचंच असेल तर सहाला गावात, घासाघीस नाही. जादा ट्यूब दोन, एक नव्हे. उन्हाळ्यात पाणवठे आटले की हरणांचं रस्ता ओलांडणं वाढतं, एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी वरचं सगळं दुप्पट धरावं.

परत येताना सायकल चालवायची इच्छा दोघांनाही नव्हती. येवल्याच्या बाजारात लाल कांदा उतरवून रिकामी चाललेली एक पिकअप मिळाली. नाशिकपर्यंत दोन माणसं, दोन सायकली, चारशे रुपये. ड्रायव्हर बोलला एवढंच, "मागं बसाल तर कांद्याची सालं उडतील." उडाली. घरी आल्यावर बायकोने आम्हाला दारातच झाडलं.